नाव घातलेला फिल्टर

केतकी मिरजकरांना घरासाठी कॉफीमेकर हवा होता, एकदा घेतला की पुन्हा दुकानाची पायरी चढायला नको असा. भांड्यांच्या दुकानाचा मालक ओंकार कासार याने एक चकचकीत नग पुढे ठेवला आणि त्यावर खिळ्याने खसकन रेघ ओढली. बघता बघता रेघ भरून आली.

"आता सगळं याच धातूचं, काकू. पोचा पडत नाही, चरा राहत नाही. दोनशे वर्षं तरी काळजी नको."

"छान. मग यावर नाव घालून दे."

ओंकार हसला. वडील गेल्यापासून नाव घालायच्या यंत्राला कुणी हात लावला नव्हता. तरी त्याने ते खणातून काढलं. कितीतरी वर्षांनी तो टर्रर्र आवाज दुकानात घुमला. 'केतकी' लिहून होईतो 'के' दिसेनासा झाला होता. त्याने जोर लावून पुन्हा लिहिलं. तेही गेलं.

मग काकूंनी पिशवीतून कॉफीचा गळका स्टीलचा फिल्टर काढला. "राहू दे तो नवा. यालाच बुडाला डाग देऊन गळती बंद कर. आईने लग्नात दिलेला, तुमच्याच दुकानातला."

ओंकारने तो उजेडात धरला. बारीक ठिपक्यांची अक्षरं होती, 'चि. सौ. कां. केतकीस, आईकडून. १७ मे २०२६.' वेलांटी लांब, पार काठापर्यंत ओढलेली.

"हे बाबांचं अक्षर," तो म्हणाला. "आमच्या घरातली जुनी भांडी मीच मोडीत काढली."

"किती वेळ लागेल रे?"

"दहा मिनिटं." त्याचं बोट अक्षरांवरून फिरत राहिलं. "पण काकू, उद्या नेलात तर चालेल?"