शेवटची जागा

खिंडीतल्या विश्रामगृहापाशी इवासेनं रांग लावली. सगळ्यांत पुढं अकरा वर्षांचा सोइचि, कारण खडकांवर रंगवलेल्या पांढऱ्या खुणा शोधत जायची त्याला हौस. त्याच्यामागं त्याचे वडील शिगेतो. मग धाकटी चिहो. आणि शेपटाला स्वतः इवासे, सगळ्यांचं पाणी आणि जेवण पाठीवर घेऊन.

शिगेतोला ही मांडणी एकदम पटली. पोटची पोरं मागंपुढं आणि नवा नवरा हमालासारखा शेवटी! नवा नवरा म्हणजे पोरांच्या आईचा. पोरं आता त्याच्याच घरी राहत होती, शिगेतोच्या वाट्याला महिन्यातला एक रविवार यायचा. या रविवारी पोरांनी डोंगराचा हट्ट धरला, आणि डोंगर म्हटल्यावर इवासे आलाच.

शिखरापर्यंतची वाट लहानशी, पण नुसती दगडांची. पाय ठेवावा तो धोंडा डुगडुगायचा. ऑगस्ट लागला तरी कपारींत मळकं बर्फ होतं. नव्या बुटांनी शिगेतोच्या टाचा सोलून काढल्या होत्या, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. मागून गप्पा ऐकू येत होत्या.

"काका, हा दगड माकडासारखा दिसतो ना?"

"माकड कुठलं? आमचे साहेब आहेत ते. पाय लावू नकोस, रविवारी कामावर बोलावतील."

चिहो खिदळली आणि इकडं शिगेतोच्या पोटात दुखलं. विनोद तसा बेताचाच होता. बसमध्ये त्यानं स्वतः याहून बरे तीन सांगितले होते, त्यावर पोरं नुसती "हं" म्हणाली होती. त्याला हेवा वाटत होता, चक्क हेवा. समाधान एवढंच, की पोरगी त्या माणसाला काका म्हणत होती. काका तो काका, बाप तो बाप.

अर्ध्या वाटेवर सगळे टेकले. इवासेनं भाताचे मुटके काढले. "घ्या शिगेतोसान, आत आंबट आलुबुखार आहे."

"काकांचे मुटके आईच्यापेक्षा मोठे असतात," चिहोनं माहिती पुरवली.

शिगेतोला राहवलं नाही. "काय हो इवासेसान, तुम्ही एवढे डोंगरात मुरलेले, आणि चालता सगळ्यांच्या मागं? वाट पोरांनी दाखवायची होय?"

इवासे नुसता हसला. उत्तर चिहोनं दिलं, तोंडात घास असतानाच. "अहो बाबा, शेवटी म्होरक्या चालतो! मागून त्याला सगळे दिसतात. आणि पहिल्याच्या मागची जागा सगळ्यांत कच्च्या माणसाची. मागच्या वेळी तिथं मी होते."

सोइचिनं तिला कोपरानं ढोसलं.

"ढोसतोस काय? काकांनीच शिकवलंय ना आपल्याला?"

इवासे बोटाला चिकटलेलं शीत काढण्यात फारच गुंतला. शिगेतोचे कान तापले. पोटच्या पोरीसमोर कच्चा ठरलो, आणि तेही या माणसाच्या हिशेबानं! हातातला मुटका त्यानं न खाता कागदात गुंडाळून ठेवला.

शिखरावर चिमुकलं देऊळ होतं. पुजाऱ्यानं सगळ्यांच्या डोक्यांवरून कागदी झालरीची काठी फिरवली. मान वाकवून शिगेतोनं देवाकडं काय मागितलं, ते सांगण्यासारखं नाही.

निघायची वेळ झाली तसा तो म्हणाला, "उतरताना शेवटी मी."

इवासेनं त्याच्या बुटांकडं पाहिलं. "उतरताना पोरं पुढं घसरतात, शिगेतोसान. तुम्ही चिहोच्या पुढं चाला ना. ती जागा मोठी कामाची आहे."

"शेवटी मी."

"बरं," इवासे म्हणाला, आणि चिहोच्या पुढं स्वतः जाऊन उभा राहिला. तिच्यामागं सोइचि, आणि शेवटी शिगेतो.

थोडा वेळ शिगेतो राजा होता. खरंच, मागून सगळे दिसत होते. "सोइचि, डावीकडून! चिहो, सावकाश!" पोरं ऐकतही होती. सोललेल्या टाचांचा त्याला विसर पडला. पुढच्या महिन्यातल्या रविवारी कुठला डोंगर घ्यावा, असाही विचार मनात येऊन गेला.

मग बारीक खडीचा उतार आला आणि चिहोचा पाय सटकला.

"बाबा!"

शिगेतो झेपावला. पण मध्ये सोइचि होता. आणि चिहोनं मागं वळून पाहिलंच नव्हतं. तिचे दोन्ही हात पुढं पसरलेले होते, जिथं इवासे केव्हाच वळून उभा होता, तिकडं. त्यानं तिला अलगद झेललं.

"आहे गं, आहे मी."

पोरगी त्याच्या गळ्याला घट्ट बिलगली. मग काहीतरी आठवल्यासारखी दचकली आणि तिनं हात सोडले. "थँक्यू, काका," ती हळूच म्हणाली.

सकाळपासूनचं ते काका, काका कुणाच्या समाधानासाठी चाललं होतं, हे शिगेतोला तेव्हा कळलं. इवासेनं वर पाहिलं नाही, तो खाली बसून तिच्या बुटाची नाडी बांधू लागला. ती नीट बांधलेलीच होती.

सोइचि मात्र मागं वळला. बापाचा चेहरा त्यानं पाहिला आणि घाईघाईनं म्हणाला, "बाबा, ती घाबरली ना, की काहीही बोलते."

"पुढं बघून चाल," शिगेतो म्हणाला. "मागं मी आहे."