लिनक्सवरची परीक्षा

चष्म्याची भिंगं कापणारं मशीन गप्प होतं, कारण त्याला हुकूम सोडणारा लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक सुरूच होत नव्हता. सासूबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. चेहरा असा, की जन्मात कशाला हात लावला नाही. बिघाड त्यांनीच केला होता. सुरू होताना कुठली डिस्क जोडायची, हे एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिथे त्यांनी सकाळी डिस्कच्या क्रमांकातला एक आकडा बदलून ठेवला होता.

सुनेनं हे निस्तरलं, तर संगणक तिच्या हाती. नाहीतर बाहेरच्या कंपनीकडे. "आई, आता तुझ्याच्यानं होत नाही," असं मुलगा महिनाभर टुमणं लावून होता. आणि खरं सांगायचं तर सासूबाईंनाही तसंच वाटायला लागलं होतं. एके काळी शेजारच्या गल्लीतली डिस्क खोकली, तरी ही बाई झोपेतून उठून बसायची.

"डिस्क तपासायला लाव आणि मोकळी हो," मुलगा बायकोला म्हणाला.

"जोडलेली असताना? तुम्ही जेवत असताना तुमचा दात उपटू का?"

सुनेनं पेनड्राइव्हवरून संगणक उठवला, डिस्क न जोडता तपासली. ठणठणीत. मग ती फाइल उघडली, डिस्कचा खरा क्रमांक शेजारी मांडला आणि आकडा सुधारला.

पास, सासूबाई मनात म्हणाल्या.

संगणक सुरू केला. पुन्हा तिथेच अडला.

सासूबाईंची घडी सुटली. बदलला तर एकच आकडा होता. आज दुपारी तीस चष्मे द्यायचे होते.

"सरक."

पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा फाइल. त्यांची नजर ओळीवरून एकदाच फिरली. डिस्कवरच्या माहितीची मांडणी एका प्रकारची, फाइलमध्ये लिहिलेली भलत्याच. चार अक्षरं बदलली, आणि मुलाची जांभई मिटायच्या आत मशीन घरघरायला लागलं.

"हे कुणी केलं गं? सकाळी मी पाहिलं तेव्हा तर..." सासूबाईंनी जीभ चावली.

"आकडा तुमचा होता आई, तो मी दुरुस्त केला," सून म्हणाली. "ही अक्षरं मी बदलली, तुमच्यादेखत. आता यांना विचारा, कुणाच्यानं होत नाही म्हणून."