टीझरमधला उतार

"खाली निळी चटई, वर उतार. सर, यंदा पूर!" पडद्यावर रोबोट स्पर्धेचा टीझर बघत ऋजुता म्हणाली.

"मग बाहुल्या उतारावर काय ऊन खात बसल्यात?" फैजानने चिडवलं.

"पाण्याला घाबरून चढल्यात, येड्या."

स्पर्धेचा दरवर्षीचा खेळ आता आपत्तीचं भाकीत करणारं यंत्र ठरवत असे. आधी टीझरमध्ये त्याची नुसती झलक दिसायची; संकट ओळखणाऱ्या संघाला गुण मिळायचे. वर्षभरात जे संकट येणार, त्याचाच खेळ. मुलांचे रोबोट त्यात तयार होऊन पुढे खऱ्या बचावाला जायचे.

गेल्या वर्षी टीझरमध्ये धूर होता. खैरमोडे सरांच्या संघाने आग ओळखली, चषक आणला. चार महिन्यांनी गावातला कारखाना पेटला. त्यात सरांची बायको गेली.

सरांनी चित्र थांबवलं. "हा उतार कुठला? गाव ओळखा."



"सर," ऋजुता हळूच म्हणाली, "गाव ओळखायला गुण नसतात."