आजोबांच्या आवडीचं गाणं

भूल देण्याआधी पेशंटला आवडीचं गाणं ऐकवायची त्या हॉस्पिटलात पद्धत होती. आजोबांनी तरुणपणापासून गिटारवर बडवलेलं इंग्रजी रॉक गाणं सांगितलं. त्यात सारखं 'बेबी, बेबी' येतं, म्हणून नातीलाही ते रोज तेच गाऊन झोपवत.

आज हात टेबलाला बांधलेले. गिटार नसल्यामुळे शब्द पहिल्यांदाच नीट कानावर पडले, आणि आजोबांना अर्थ लागत गेला. 'डोळे मीट, बेबी. दिवा गेला की मी येतो. सकाळ बघशीलच असं नाही.'

"सिस्टर, बंद करा हो ते."

"घाबरू नका, आजोबा. डोळे मिटा बघू."


इंग्रजी शाळेतली नात गिटार दिसताच "झोपले मी, आजोबा" का म्हणायची, ते त्यांना आत्ता कळलं.