बर्फ आहे, घसरतं

"हे लोणी म्हणजे गोलाची रेषा," आर्वो म्हणाला आणि लोण्याच्या कांडीमागे त्यानं एक ब्लूबेरी ठेवली. "आणि ही चकती. पूर्ण पलीकडे."

"रेषेवर," हेल्मी म्हणाली आणि चमच्याच्या टोकानं तिनं ब्लूबेरी ओढून लोण्याला टेकवली.

दर रविवारी न्याहारीला बापलेकीचा हा सामना होई. ओव्हनमधून काढलेला पॅनकेक गार होई, निकाल मात्र लागत नसे.

मूळ सामना वीस वर्षांपूर्वीचा. हेल्मी तेव्हा गावच्या कॉलेजात मुलींच्या आइस हॉकी संघाची गोलरक्षक होती. संघ कसला, नुसता क्लब. पोरी मैदानाचं भाडं स्वतः भरत, आपापल्या खटारा गाड्यांतून सामन्यांना जात आणि एकमेकींचे घामट हातमोजे घालत. अंतिम सामना जिंकलात तर तुम्हाला व्हार्सिटी करतो, असा शब्द कॉलेजच्या अध्यक्षांनी दिला होता. व्हार्सिटी म्हणजे कॉलेजचा अधिकृत संघ. बस कॉलेजची, प्रशिक्षक कॉलेजचा, हातमोजे जिचे तिला.

शेवटच्या मिनिटाला गोलापुढे पोरींचा ढीग झाला. तो उपसला तेव्हा चकती, म्हणजे या खेळातला चेंडूच, हेल्मीच्या पॅडखाली, बरोबर रेषेवर निघाली. पण गोलामागच्या काचेच्या खोक्यात एक माणूस बसत असे. चकती आत गेली की बटण दाबायचं आणि लाल दिवा लावायचा, एवढंच त्याचं काम. त्यानं दिवा लावून टाकला होता. तो माणूस म्हणजे आर्वो.

"आत गेली म्हणतोस, मग रेषेवर कशी सापडली?" पंचानं विचारलं.

"बर्फ आहे," आर्वो म्हणाला. "घसरतं."

पंचानं दिवा मानला. संघ हरला आणि क्लबचा क्लबच राहिला. गावानं हे मनावर घेतलं. न्हावी वर्षभर आर्वोचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा वर ठेवत राहिला. बेकरीवाली त्याच्या पेस्टीत, म्हणजे मांसाच्या करंजीत, मांस कमी आणि सलगम जास्त भरू लागली. त्या रविवारी चर्चमध्ये पाद्र्यानं घाईनं केलेल्या न्यायावर प्रवचन दिलं आणि ते सगळं आर्वोकडे बघत दिलं. प्रत्येकाचा प्रश्न एकच, चकती रेषेवर आली कशी? आर्वोचं उत्तरही एकच. हेल्मी तर पहिले तीन आठवडे त्याच्याशी बोललीच नाही. नंतर बोलू लागली ती या ब्लूबेरीपुरती.

आता इतक्या वर्षांनी कॉलेजनं मुलींच्या संघाला व्हार्सिटी केलं होतं. बातमी आदल्या दिवशीच आली होती. आर्वोनं लोण्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि ब्लूबेरी उचलून तोंडात टाकली.

"बरं बाई. नव्हता गोल. झालं समाधान?"

"पुरावा खाल्लास, बाबा!"

"मग काय करू? पोरींना बस मिळाली. आता कशाला भांडायचं?"

हेच ऐकायला हेल्मी इतकी वर्षं टपून बसली होती. पण तोंडातला घास तोंडातच फिरायला लागला. आर्वो कधी खोटं बोलत नसे. आपण पकडलेल्या माशाची लांबीसुद्धा तो खरी सांगे, आणि त्या तळ्याकाठी असा दुसरा माणूस नव्हता. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं.

"लेखी दे," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"पुढच्या रविवारी," आर्वो म्हणाला आणि त्यानं पॅनकेकवर घालायच्या पाकाची बाटली पुढे ओढली.

सोमवारी तो दारातला बर्फ उपसायला गेला. शेजाऱ्याला तो पायरीवर बसलेला दिसला. फावडं मांडीवर होतं, अंग गार पडलं होतं आणि वाट अर्धीच साफ झाली होती.

व्हार्सिटीच्या पहिल्या सामन्याला सारं गाव लोटलं. बँड नवा, खुर्च्या नव्या, पोरींचे हातमोजे नवे. गोल टिपणारा कॅमेरा तेवढा यायचा होता. त्याचा नुसता खांब येऊन उभा राहिला होता. "आजच्या दिवस बाबाच्या खुर्चीवर तू बस," प्रशिक्षिका हेल्मीला म्हणाल्या. ती काचेच्या खोक्यात जाऊन बसली. बटण आर्वोच्या बोटानं झिजून मध्ये खोलगट झालं होतं.

"पोरी, बाबासारखी घाई करू नकोस गं!" मागून न्हावी ओरडला. लोक हसले. हेल्मीही हसली.

शेवटच्या मिनिटाला आपला संघ एका गोलानं पुढे होता आणि गोलापुढे ढीग झाला. पंचाला पाठी आणि काठ्या याखेरीज काही दिसेना. खोक्यातून मात्र काचेच्या पेटीतला मासा दिसावा तसं सगळं स्पष्ट दिसत होतं. चकती रेषा ओलांडून चांगली वीतभर आत आली. मग ढिगाच्या तळाशी गोलरक्षक ब्रिनचा स्केट हलला. पहिल्या वर्षाची पोर ती. तिची टाच हळूच मागे आली, चकतीमागे अडकली आणि चकती पुढे ओढत रेषेवर घेऊन गेली.

हेल्मीनं बटण दाबलं.

बँड बंद पडला. कोणीतरी पॉपकॉर्नचं अख्खं खोकं काचेवर भिरकावलं. "खानदानच आंधळं आहे!" न्हावी किंचाळला. पंच घसरत काचेपाशी आला.

"नक्की, हेल्मी? चकती तर रेषेवर आहे."

"आत गेली होती."

"मग बाहेर कशी आली?"

पंचाच्या मागे ब्रिन गुडघ्यांवर बसून होती. तिनं मुखवटा वर केला होता. तोंडावरचा रंग उडाला होता आणि डोळे हेल्मीवर खिळले होते.

"बर्फ आहे," हेल्मी म्हणाली. "घसरतं."

पंचानं गोल दिला आणि हुर्यो उठली, छप्पर उडेल अशी. तिच्या डोक्यावर लाल दिवा फिरत होता. त्या गोंगाटात, शेजारी आणखी एक खुर्ची असावी तसं वळून, हेल्मी मोठ्यानं म्हणाली,

"गोल होता, बाबा. टाच माझीच होती."