मातीचे डोहाळे

नर्सबाईंनी सुनेच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत पांढरंफटक. त्या सासूकडे वळल्या. "गोळ्या घेते ना ही?"

"रोज. माझ्यासमोर."

"मग रक्त सहावर कसं आलं? आठवा लागलाय. बाळंतपणात जरा जास्त रक्त गेलं, तर ही हाती लागायची नाही. आणखी काय खाते?"

"माती," सासू म्हणाली. सुनेला भाजक्या मातीचे डोहाळे लागले होते. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, असं सासूला तिच्या स्वतःच्या सासूनं बजावलेलं. म्हणून कुंभारवाड्यातून माती आणून, तव्यावर खरपूस भाजून, ती स्वतःच कौतुकानं सुनेच्या हातावर ठेवत होती.

"अहो, रक्त कमी झालं की माती खावीशी वाटते," नर्सबाई चिडून म्हणाल्या. "आणि माती खाल्ली की गोळी अंगी लागत नाही."

सलाइनमधून लोहाचं काळपट औषध थेंबाथेंबानं उतरू लागलं. सुनेनं दुसरा हात पुढे केला. "आत्याबाई, एक तुकडा द्या की. जीव कासावीस होतोय."

तुकडे पिशवीत होते. आजही तिनं आठवणीनं आणले होते. सासूनं पिशवी खिडकीबाहेर झटकली आणि सुनेचा पसरलेला हात दोन्ही हातांत गच्च धरला. तो थंडगार होता.

"कान फुटला तर फुटू दे त्याचा," ती पुटपुटली. "त्याचं रडणं ऐकायला तू राहा."