अर्धं राहिलेलं नाव

"बाबा, चपला घाला. दगड तापलेत, आणि इथे आता देव नाही," शैला म्हणाली. बुवांनी ऐकलं नाही. ग्रीसमधल्या त्या पडक्या देवळात, भंगलेल्या खांबांमधून अनवाणी चालत ते रिकाम्या गाभाऱ्यापुढे उभे राहिले.

पुढच्या सोमवारी घशाची शस्त्रक्रिया होती. चाळीस वर्षं कीर्तनात घुमलेला आवाज कायमचा जाणार, म्हणून लेकीनं त्यांना निवांत फिरायला आणलं होतं.

"देव नसेना का, एकदा नाव घेतो," म्हणत बुवांनी हात जोडले. "जय जय विठोबा..." खरखरत्या आवाजात ते गायले आणि सवयीनं थांबले. पुढचं "रखुमाई" नेहमी मागचे टाळकरी उचलायचे.

मागे एकटी शैला होती. आठव्या वर्षी ती हौसेनं टाळ घेऊन मागे उभी राहिली, तेव्हा बुवांनीच भर कीर्तनात ते हिसकावून घेतले होते. "पोरींचं काम नाही हे!" त्यानंतर ती कधी गायली नाही.

बुवा वळून बघत राहिले. "म्हण की गं, शैले."

शैला म्हणाली, "मला नाही येत, बाबा."

मग ते स्वतःच "रखुमाई" म्हणू लागले, तर घशातून नुसती हवा आली.